खोली भाड्याने देण्यापूर्वी

शाळा उघडायच्या आणि बदल्यांच्या दिवसांत तालुक्याच्या गावी खोलीला गिऱ्हाईक येतं. गुरुजी येतात, दवाखान्यातल्या सिस्टर येतात, बँकेतला नवा कारकून येतो. मग आपणही वाड्यातली एखादी खोली रिकामी करून देतो. शेतीच्या उत्पन्नाला तेवढाच हातभार. त्यात वावगं काही नाही. पण ही खोली कालपर्यंत कशासाठी वापरात होती? बहुतेक ठिकाणी ते गोदाम असतं. खताची पोती, फवारणीची औषधं, बियाणं, धान्य सगळं तिथंच. पोती बाहेर काढली, झाडू मारला, चुन्याचा एक हात दिला की खोली तयार, हा समज धोक्याचा आहे.

पहिली गोष्ट, औषधं. ती शेजारच्या खोलीत हलवून भागत नाही. मुलांचा हात पोचणार नाही अशा, राहत्या घरापासून लांबच्या कुलूपबंद जागी ती न्या. औषध सांडलेली जमीन साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. धुताना हातमोजे घाला आणि ते पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नका. औषधाचा रिकामा डबा भाडेकरूला पाणी भरायला देणे तर अजिबात नको.

त्याहून मोठा धोका धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांचा. हवेतल्या ओलाव्याने या गोळ्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. तो डोळ्यांना दिसत नाही. भिंतीच्या फटीतून, माळ्यावरून तो शेजारच्या खोलीत शिरतो आणि झोपलेल्या माणसांचा जीव घेऊ शकतो. त्यावर नेमका उतारा नाही. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. माणसं राहतात त्या भिंतीला लागून या गोळ्या वापरायच्याच नाहीत. सामान्य ग्राहकाला त्या विकायलाही परवानगी नाही. धान्य कडक उन्हात वाळवून कोरड्या कोठीत भरा.

दुसरी गोष्ट, वीज. शेतीपंपाच्या जोडणीवरून वायर ओढून खोलीत दिवा लावला जातो. वीज कायदा 2003 प्रमाणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. घरगुती जोडणी घ्या. अर्थिंग तपासा, गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवा. ओल्या भिंतीचा शॉक मालक-भाडेकरू बघत नाही.

तिसरी गोष्ट, पाऊस आणि पाणी. मृगाआधी कौलं चाळून घ्या, पत्र्याची भोकं बुजवा. टाकी घासून धुवा. संडास आणि मोरीचं पाणी कुठं जातं ते स्वतः बघा. दाराला आतून धड कडी आहे ना, तेही बघा. बाई एकटी राहायला येणार असेल तर तिला पहिली काळजी त्या कडीची असते.

आता कागदाचं. ‘ओळखीतले आहेत, कागद कशाला?’ असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 जिथं लागू आहे तिथं करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदला नाही तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकावर येतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भाड्याची पावती द्यावी लागते, दुरुस्ती मालकाने करायची असते आणि भांडण झालं म्हणून पाणी-वीज तोडता येत नाही. हा कायदा मुख्यतः शहरी भागांसाठी आहे. आपलं गाव त्यात येतं का, हे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विचारा. येत नसलं तरी करार आणि पावती ठेवाच. त्यात मालकाचंही हित आहे.

परगावचा माणूस आपल्या भरवशावर बायकापोरं घेऊन येतो. त्या भिंतीमागं काल काय ठेवलं होतं, हे त्याला माहीत नसतं. आपल्याला असतं. म्हणून अनामत हातात घेण्यापूर्वी त्या खोलीत स्वतः एक रात्र झोपून पाहा. आपल्याला झोप लागली नाही, तर किल्ली कुणाला देऊ नका.