विजयाचें स्मरण, तहाचें विस्मरण

भाईंदरच्या पश्चिमेस चौक गांवाजवळ धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. 1739 सालीं तो मराठ्यांच्या हातीं आला, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत वसईही शरण आली. त्या पराक्रमाच्या स्मरणार्थ तेथें चिमाजी आप्पांचा पुतळा उभारला आहे. पुतळ्यास आमचा विरोध नाहीं. 1737 पासून चाललेली ती मोहीम सामान्य नव्हती, आणि पोर्तुगीज अमलांत रयतेचा धर्मच्छळ झाला ही कोणी रचलेली कथा नव्हे.

आमचा आक्षेप आहे तो अर्धवट स्मरणास. वसईच्या तहानें पोर्तुगीज शिबंदीस शस्त्रांसह, सन्मानानें बाहेर पडण्याची मोकळीक मिळाली. मागें राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेस आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. हजारों माणसें खर्ची घालून ज्यांनीं किल्ला जिंकला, त्यांनींच हीं कलमें मान्य केलीं. हें औदार्य होतें कीं निव्वळ मुत्सद्देगिरी, याचा वाद विद्वानांनीं खुशाल घालावा. व्यासपीठावरून मात्र तोफा तेवढ्या ऐकूं येतात, कलमें ऐकूं येत नाहींत. (त्याच वसईंत 1802 सालीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं जो तह केला, त्याचा तर उच्चारही नको असतो.)

राष्ट्र उभारावयाचें तर इतिहास स्फूर्तिदायकच हवा, तेथें तहाच्या बारकाव्यांचें काय काम, असें आम्हांस विचारण्यांत येतें. सोव्हिएत संघ 1991 सालीं मोडला, त्यानंतर त्यांतून स्वतंत्र झालेल्या देशांत हाच प्रश्न उभा राहिला. एस्टोनियाच्या राजधानींत, टॅलिन येथें, सोव्हिएत सैनिकाचा कांस्यपुतळा होता. तेथील रशियन भाषिकांस ती नाझींवरील विजयाची खूण वाटे, एस्टोनियन लोकांस परदास्याची. 2007 च्या एप्रिलांत सरकारनें तो शहराच्या मध्यभागांतून लष्करी स्मशानभूमींत हलविला. दंगल उसळली, एक तरुण प्राणांस मुकला. दोन्ही आठवणी खऱ्याच होत्या.

आमच्या येथील पेंच त्याहून पुष्कळ सोपा आहे, म्हणूनच आमचा उद्वेग अधिक. उत्तन, पाली, चौक येथील ख्रिस्ती कोळी कांहीं पोर्तुगीजांचे वारस नव्हेत. त्यांच्या होड्या याच किनाऱ्याच्या, त्यांची बोली मराठीच. पोर्तुगीज निघून गेले. हे राहिले, आणि त्या कलमाच्या आधारानें राहिले. मग विजयाच्या कथेंत त्यांस पराभूतांच्या रांगेंत बसविण्याचा अधिकार कोणी कोणास दिला? मीरा-भाईंदर महानगरपालिकेनें त्या पुतळ्याखालीं तहाचीं तीं दोन कलमें मराठींत कोरून लावावीं. दगड फार मोठा लागणार नाहीं.