सबुरीचे माहेर

महाराष्ट्रातील कितीतरी देवघरांत शिर्डीच्या साईबाबांची तसबीर असते आणि तिच्याखाली दोन शब्द असतात : श्रद्धा आणि सबुरी. सकाळी उदबत्ती लावताना गृहिणीची दृष्टी त्यांवरून नित्य फिरते. यांपैकी पहिला शब्द संस्कृतातून आला. दुसऱ्याचे मूळ मात्र अरबी ‘सब्र’ या शब्दात आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘जरा सबुरीने घ्या’ असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, तेव्हा हा शब्द परका आहे असे कोणासही वाटत नाही. मराठीच्या घरी इतक्या सुखाने नांदणाऱ्या या शब्दाचे माहेर कसे आहे, हे जाणून घेण्यास बकरी ईदेसारखे दुसरे निमित्त नाही.

‘सब्र’चा मूळ अर्थ रोखून धरणे, आवरणे असा आहे. संकट कोसळले असता मनाला सैरभैर होऊ न देणे, जिभेला ईश्वरनिंदेपासून आणि हाताला दुष्कृत्यापासून आवरणे, हे सब्र होय. भय, भूक, धनहानी, प्राणहानी आणि पिकांची हानी यांच्याद्वारे माणसाची परीक्षा होईल, असे कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे आणि त्या परीक्षेत जे सब्र राखतील त्यांना शुभवार्ता दिली आहे. हाताशी आलेले पीक ज्याने गारपिटीत गमावले, अशा आपल्याकडील शेतकऱ्याला ही यादी परकी वाटणार नाही. त्याच अध्यायात सब्र आणि प्रार्थना या दोहोंचे साहाय्य घ्या, असाही आदेश आहे. नुसते सोसणे हे पुरेसे नाही. सोसताना ईश्वराशी संवाद तुटता कामा नये, हा त्याचा आशय.

सब्र म्हणजे हात बांधून नशिबाच्या नावाने बसून राहणे, असा एक समज रूढ आहे. तो किती चुकीचा आहे हे हजयात्रेतील एका विधीवरूनच दिसते. ईश्वराच्या आज्ञेवरून हजरत इब्राहिम यांनी आपली पत्नी हाजरा व तान्हे बाळ इस्माईल यांना मक्केच्या निर्जल खोऱ्यात ठेवले. जवळचे पाणी संपले, बाळ तहानेने व्याकूळ झाले. ईश्वर आपल्याला टाकणार नाही, अशी त्या माउलीची निष्ठा होती. तरीही ती बसून राहिली नाही. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधून ती पाण्याच्या शोधात सात वेळा धावली. अखेर झरा फुटला तो त्या टेकड्यांवर नव्हे, तर बाळाच्या जवळ. तीच जमजमची विहीर. प्रयत्न मातेचा, पाणी ईश्वराचे! आजही प्रत्येक यात्रेकरू, मग तो राजा असो वा रंक, त्या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतो. हे अंतर तीन किलोमीटरांहून थोडे अधिक भरते. या विधीला ‘सई’ म्हणतात आणि सई या शब्दाचा अर्थच प्रयत्न असा आहे. एका असहाय मातेच्या धावपळीला इस्लामने उपासनेचे स्थान दिले, यातच सब्राचा खरा अर्थ सामावलेला आहे. उंट मोकळा सोडून ईश्वरावर भरवसा ठेवू काय, असे विचारणाऱ्यास पैगंबरांनी, आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे सांगितल्याची कथाही सर्वश्रुत आहे.

दुसरा एक गैरसमज असा, की धीर धरणाऱ्याने रडू नये. महंमद पैगंबरांचे चरित्र याची साक्ष देत नाही. जन्मापूर्वीच पिता गेलेला, सहाव्या वर्षी मातेचे छत्र हरपलेले. पुढे मक्केत सुमारे तीन वर्षे त्यांच्या कुळावर बहिष्कार पडला. तो उठतो न उठतो तोच, इ. स. ६१९च्या सुमारास, पत्नी खदीजा आणि पाठीराखे चुलते अबू तालिब हे दोघेही निवर्तले. इस्लामी इतिहासात ते ‘दुःखाचे वर्ष’ म्हणून ओळखले जाते. त्यानंतर ताइफ नगरात आश्रयासाठी गेले असता त्यांच्या वाट्याला दगड आले. उतारवयात झालेला पुत्र इब्राहिम तान्हेपणीच गेला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले आणि ते अश्रू त्यांनी लपवले नाहीत. पुत्रवियोगाने याकूब यांची दृष्टी गेली, तरी कुराण त्यांच्याच मुखी ‘सुंदर सब्र’ हे शब्द घालते. अश्रू हे अश्रद्धेचे लक्षण नव्हे. सब्र डोळ्यांना नव्हे, निराशेला बांध घालते.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. धीराचा उपदेश करणे सोपे आहे, आणि पोट भरलेल्याने उपाशी माणसाला तो करणे अधिकच सोपे! इ. स. ६३९च्या सुमारास अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी खलिफा उमर यांनी प्रजेला केवळ सबुरी शिकवली नाही. दूरच्या सुपीक प्रांतांतून त्यांनी धान्य मागवले, आणि लोकांचे दिवस पालटेपर्यंत स्वतः तूप वर्ज्य केले. सब्र हे स्वतःसाठी व्रत आहे. दुसऱ्यासाठी मदतीचा हात हेच कर्तव्य आहे. आपल्या शेजारी आजारपणाने वा कर्जाने गांजलेले कुटुंब असेल, तर त्यास ‘सबुरी ठेवा’ एवढेच सांगून आपली सुटका होत नाही.

ही शिकवण आपल्याला अनोळखी नाही. सतराव्या शतकातील दुष्काळात पत्नी आणि पुत्र गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाला सोडले नाही, हे आपण जाणतोच. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. त्या वेळी वारकऱ्यांच्या भावनेचा मान राखून अनेक गावांतील मुसलमान बांधवांनी कुर्बानी पुढे ढकलली. स्वतःच्या सणाला स्वतःहून थोडा आवर घालणे, हेही सब्रच नव्हे काय? त्याची परतफेड सद्भावाने करणे आपल्या हाती आहे.

उद्या सकाळी देवघरात तसबिरीपुढे हात जोडाल, तेव्हा त्या दुसऱ्या शब्दापाशी क्षणभर थांबा. त्यात एका मातेच्या सात फेऱ्या आहेत, एका पित्याचे अश्रू आहेत आणि खडकाळ खोऱ्यात फुटलेला झरा आहे. ज्यांच्या घरी आज संकट आहे त्यांनी आस सोडू नये आणि पाऊलही थांबवू नये. सर्व मुसलमान बांधवांस ईदेच्या शुभेच्छा!