जळू कशी चालते, कशी सुटते

पोळा जवळ आला की सेलू घ्या, आर्वी घ्या, हिंगणघाट घ्या, बैल नदी-नाल्यावर धुवायला निघतात. मागोमाग पोरेही पाण्यात. परतताना एखाद्याच्या पोटरीला काळपट, मऊ असे काहीतरी लोंबताना दिसते आणि आरडाओरड सुरू होते. कोणी मीठ आणतो, कोणी तंबाखूचे पाणी, कोणी धरून ओढतो. वाचकहो, हे तिन्ही उपाय चुकीचे. का, ते कळण्यासाठी आधी जळूची चाल बघू.

जळूला हाडे नाहीत, पाय नाहीत. अंगाच्या दोन टोकांना चिकटणाऱ्या दोन वाट्या आहेत. मागची मोठी, ती फक्त धरून ठेवायची. पुढची लहान, तिच्यात तोंड. दगडावर चालताना मागची वाटी घट्ट रोवायची, अंग लांबवायचे, पुढची टेकवायची, मग मागची सोडून जवळ ओढायची. आपण वीत टाकून लांबी मोजतो ना, अगदी तसे. खोल पाण्यात मात्र ती अंग फितीसारखे चपटे करून वर-खाली लाटा देत पोहते. बैल पाण्यात शिरला की पाणी हेलकावते आणि गिऱ्हाईक आल्याचे तिला कळते.

चिकटल्यावर तोंडातले तीन जबडे कातडीला छेद देतात. लाळेत रक्त गोठू न देणारे हिरुडिन असते, म्हणून जळू गळून पडली तरी जखम काही तास वाहत राहते. घाबरू नये. धुवून स्वच्छ फडके दाबून बांधावे.

मिठाने जळू सुटते खरी, पण सुटता सुटता पोटातले जखमेत ओकते. ओढल्याने कातडी फाटते. त्यापेक्षा लहान टोकाच्या कडेला नख लावून आडवे सरकवा. वाटीची पकड मोडते. मग मोठे टोक तसेच. (हात लगेच झटका, नाहीतर ती तुमच्याच बोटाला धरते!) जनावराच्या नाकातून रक्त ठिबकत असेल तर आत जळू असू शकते. तिथे स्वतः काही करू नका, पशुवैद्याला दाखवा.

खरे सांगायचे तर जळूचा बाऊ फार होतो. सुश्रुतसंहितेत तर तिच्याकडून उपचार करून घेतले आहेत. तळ्याकाठचा खरा चोर डोळ्यांना दिसतही नाही. पाण्यातल्या गोगलगाईंच्या अंगातून पर्णकृमीची सूक्ष्म पिल्ले बाहेर पडतात, शेपटीने पोहत गवताच्या पात्याला जाऊन चिकटतात, शेपूट टाकून देतात आणि भोवती कवच करून बसून राहतात. ते पाते गाईने खाल्ले की कृमी यकृतात. दूध आटते, जनावर झडते, जबड्याखाली पाण्याची सूज येते.

दिवाळीनंतर तलाव मागे सरकतो आणि उघडा पडलेला काठ हिरवागार दिसतो. गवळाऊ असो की म्हैस, तिथे चरायला सोडू नका. तिथला चारा कापलाच तर उन्हात खडखडीत वाळवून मगच घाला. आणि जबड्याखाली सूज दिसली तर शेणाचा नमुना घेऊन त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात जा.