भरावाखाली जाणारा किनारा

डहाणू तालुक्यातील वाढवणच्या समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडणार आहे आणि १०.१४ किलोमीटर लांबीचा लाटारोधक बंधारा उभा राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणीही झाली. कंटेनरांचा, रोजगाराचा, खोल पाण्याचा हिशेब देशापुढे मांडून झाला. कोणत्याही जाहिरातीत ज्याला स्थान नाही, तो वाढवण-वरोर पट्ट्यातला कातळ. ओहोटीला उघडा पडणारा आणि भरतीला बुडणारा हा कातळ प्रशासनाच्या लेखी ना धड जमीन, ना धड समुद्र. म्हणून तो जणू अस्तित्वातच नाही.

उत्तर कोकणात उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढते आणि तितकेच ओसरते. या कातळाने दिवसातून दोनदा लाटांचा मारा सोसायचा आणि दोनदा उन्हात तापायचे. क्षारता, तापमान, प्राणवायू, काहीच स्थिर नाही. अशा परीक्षेला उतरलेल्या जीवांनी हा खडक पट्ट्यापट्ट्यांत वाटून घेतला आहे. हातभर उंचीच्या फरकाने येथे वस्ती बदलते. वरच्या कोरड्या भागात चिमुकल्या गोगलगायी आणि कवच घट्ट मिटून बसणारे बार्नेकल, मधल्या भागात कालवे, आणि जिथे पाणी क्वचितच पुरते ओसरते तिथे शैवाल, स्पंज, समुद्रफुले. कपारीत चिंबोरी, साचलेल्या डबक्यांत माशांची पिल्ले, पलीकडच्या बुडालेल्या खडकांत शेवंड. घोळ आणि दाढा मिळणारे पाणी म्हणून हा पट्टा मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. त्यांना ते कोणत्या अहवालातून कळलेले नाही.

या वस्तीची वीण किती नाजूक असते, हे जगाला साठ वर्षांपूर्वीच कळले आहे. १९६३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने खडकाच्या एका तुकड्यावरून फक्त एक भक्षक, शिंपले खाणारा तारामासा, सतत हटवत राहण्याचा प्रयोग आरंभला. शिंपल्यांनी सारी जागा बळकावली आणि पंधरा जातींच्या समुदायात आठच उरल्या. तेथे एक जीव हटवला होता. वाढवणला आपण लाटा आणि प्रवाहच बदलायला निघालो आहोत.

भराव किनाऱ्यापासून दूर आहे, हा दिलासा फसवा आहे. बंधारा लाटा अडवतो. लाटांचा जोर मोडला की पाण्यातला गाळ खाली बसतो. खडकावर गाळाची साय धरली की कालवाच्या अळीला चिकटायला कठीण पृष्ठभागच उरत नाही. समुद्रतळ उपसल्याने गढूळलेल्या पाण्यात प्रकाश पोहोचत नाही, शैवाल खंगते. शैवालावर चरणारे जातात, त्यांच्यामागोमाग त्यांना खाणारे जातात. पिल्लांचा आडोसा नाहीसा झाला की काही वर्षांनी जाळी रिकामी येऊ लागतात. तेव्हा चौकशीसाठी समिती नेमली जाईल आणि ती सगळा दोष हवामानबदलावर ढकलून मोकळी होईल. मुंबईच्या किनारी मार्गासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरील १८ प्रवाळ वसाहती उचलून अन्यत्र लावल्या गेल्या, कारण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कालवाला आणि चिंबोरीला असले कवच नाही. त्यांच्यासाठी स्थलांतराचे नाटकसुद्धा कोणी करणार नाही.

परवानग्यांचा इतिहास तर अधिकच उद्बोधक आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्रानेच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये नेमलेल्या, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ मध्ये याच वाढवणला बंदर नाकारले. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना घातक उद्योगांच्या लाल यादीतून बाहेर काढले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने होकार दिला आणि पुढच्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. पंचवीस वर्षांत खडक जागचा हलला नाही, भरतीची वेळ चुकली नाही. बदलले ते कागद. प्राधिकरणाच्या होकारानंतर, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने पापलेटला ‘राज्यमासा’ घोषित केले! ज्या उथळ किनारी पाण्यात पापलेटची पिल्ले वाढतात, ते उपसायचे आणि माशाला बिरुद बहाल करायचे, ही तऱ्हा मंत्रालयालाच सुचू शकते.

अकोले तालुक्यातून हे लिहिताना समुद्र दूरचा वाटत नाही. आमच्या आठवडे बाजारातला सुकट, जवळा, बोंबील घाटाखालूनच येतो. आदिवासी वाड्यांवर पावसाळ्यात कोरड्यासाला आधार त्याचाच. प्रकल्पांचे आश्वासन कसे वठते, हेही या तालुक्याने पाहिले आहे. इथल्या निळवंडे धरणाला १९७० मध्ये मान्यता मिळाली, सुमारे आठ कोटींचा अंदाज पाच हजार कोटींपलीकडे गेला आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण व्हायला २०२३ साल उजाडले. धरणात जमीन गेलेल्यांच्या हाती निदान सातबारा होता. ओहोटीला टोपली घेऊन कालवे फोडायला जाणाऱ्या बाईकडे ना सातबारा, ना नौकेचा परवाना. नुकसानभरपाई परवान्यांवरून मोजली गेली, तर ती बाई बाधितांच्या यादीत सापडणारच नाही आणि तिचे घर मात्र सर्वांत आधी मोडेल.

म्हणून वाढवण ते डहाणू या खडकाळ किनाऱ्याचे तिन्ही ऋतूंतले सर्वेक्षण, प्रकल्पाशी हितसंबंध नसलेल्या शास्त्रज्ञांकडून, गावकऱ्यांना सोबत घेऊन आणि नोंदी मराठीत खुल्या ठेवून झाले पाहिजे. हाताने मासळी आणि कालवे गोळा करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची बाधित म्हणून नोंद झाली पाहिजे. गाळ खडकावर बसू लागला की काम कोणी आणि कोणत्या मर्यादेला थांबवायचे, हे आधी ठरले पाहिजे. खडक मेल्यावर केलेले सर्वेक्षण पंचनाम्याच्याच कामाचे. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाची या प्रकल्पात ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाची २६ टक्के भागीदारी आहे. या दोघांनी आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने ही हमी लेखी द्यावी, आणि ती मिळेपर्यंत भरावाचा एकही दगड पाण्यात पडू नये.