रिकामपणचे उद्योग : ‘अनटेस्टेड’ म्हणजे काय हो?



मागच्या अंकात जुन्या स्लाइड्स स्कॅन करण्याबद्दल लिहिलं, तेव्हापासून मंडळात माझी ओळख ‘कॅमेरावाले’ अशी झाली आहे. कोजागिरीला दुधाचा पेला हातात येतो न येतो तोच कुणीतरी फोन पुढे करतं, “ही लेन्स घेऊ का हो?” त्यामुळे एका रविवारी संध्याकाळी आमच्या परिचयातल्या एका वहिनींचा फोन आला, तेव्हा विषय काय असणार ते मला कळलं. आवाज मात्र दबका होता.

“भाऊजी, हे बाहेर गवत कापताहेत, तेवढ्यात बोलून घेते.”

प्रकरण असं होतं. यजमानांची पंचाहत्तरी महिन्यावर आलेली. निवृत्तीनंतर त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय, आणि निकॉनच्या २००-५०० लेन्सवर त्यांचा फार दिवस डोळा आहे. वहिनींनी गुपचूप इंटरनेटवर शोधून एक वापरलेली लेन्स काढली होती. चारशे डॉलर! वापरलेला माल विकणाऱ्या दुकानांत तीच लेन्स जवळजवळ दुपटीला दिसत होती. “विकणारा फार सज्जन वाटतो हो. प्रत्येक निरोपाच्या शेवटी ‘गॉड ब्लेस’ लिहितो. फक्त म्हणतो की आज रात्रीच झेलनं पैसे पाठवा, दुसरं गिऱ्हाईक दाराशी उभं आहे.”

मी म्हटलं, “वहिनी, थांबा. असे १६५ डॉलर मी स्वतः घालवलेत.”

ही गोष्ट तोवर मी कुणालाही सांगितलेली नव्हती. फोन स्पीकरवर होता आणि आमची सौ. पलीकडे मेथी निवडत बसली होती. पुढचं काय ते तुम्ही समजून घ्या. आता घरात कळलंच आहे, तर तुम्हालाही सांगून टाकतो.

१९८६ साली, इकडे आल्यावर वर्षभरात, पगारातून पैसे साठवून मी न्यूयॉर्कमधून निकॉन एफएम२ घेतला. पुढच्या खेपेला देशात गेलो तेव्हा त्यावर वडिलांचे फोटो काढले. ओसरीवर बसलेले, हातात अडकित्ता, आणि ‘कशाला फिल्म फुकट घालवतोस’ असा चेहरा. पुढे डिजिटल आलं आणि २००४ साली मी तो कॅमेरा गराज सेलमध्ये चाळीस डॉलरला फुंकला. २०२१ मध्ये लेक म्हणाली, “बाबा, आजोबांचे फोटो काढलेत तो कॅमेरा मला द्या ना.” तिच्या वयाच्या मुलांत फिल्मचं वेड पुन्हा आलंय, हे मला माहीतच नव्हतं. मी सरळ थाप मारली. “अॅटिकमध्ये असेल, शोधतो.” आणि शोधायला बसलो ते इंटरनेटवर.

दोन दिवसांत एक जाहिरात सापडली. किंमत इतरांपेक्षा बरीच कमी, चार सुरेख फोटो, आणि ‘काकांचा कॅमेरा होता, मला त्यातलं काही कळत नाही’ अशी कहाणी. विकणारा म्हणाला, पेपॅलनं पाठवा, पण ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ म्हणून पाठवा, म्हणजे फी लागणार नाही. मी पाठवले. कॅमेरा आला नाही, जाहिरातही गायब झाली. पेपॅलचं खरेदीदाराला मिळणारं संरक्षण मित्र-नातेवाइकांना पाठवलेल्या पैशांना लागू नसतं, हा नियम मी पैसे पाठवल्यानंतर वाचला. झेलचंही तेच. ती सोय ओळखीच्या माणसांसाठी आहे, असं ते स्वतःच सांगतात.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. जाहिरातीचे फोटो मी फोनमध्ये साठवून ठेवले होते. आठवड्यानं रागारागानं पुन्हा पाहिले. एफएम२ निघाला १९८२ साली. १९८४ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली, तिला एफएम२एन म्हणतात. समोरून दोन्हींवर ‘एफएम२’च लिहिलेलं असतं. ओळखायची खूण मागच्या बाजूला, नव्याच्या क्रमांकाआधी ‘एन’ हे अक्षर असतं. माझ्या ‘काकांच्या कॅमेऱ्या’च्या एका फोटोत एन होता, आणि दुसऱ्या फोटोतल्या शटरच्या चकतीवर जुन्या आवृत्तीचा एक्स२०० होता. म्हणजे दोन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे फोटो, इकडून तिकडून उचललेले! खाली एका ठिकाणी लाकडी टेबल, दुसरीकडे फरशी. हे सगळं पैसे पाठवण्याआधीही डोळ्यांसमोर होतं. मी बघत होतो फक्त किंमत.

तेव्हापासून मी जाहिराती वाचायला शिकलो, आणि मंडळी, हे काम आपल्याला अवघड जायला नको. वधूवर सूचक मंडळांच्या जाहिराती वाचत आपण मोठे झालो. ‘निमगोरी’, ‘घरची जबाबदारी नाही’, ‘स्वतःचा ब्लॉक (बुकिंग केले आहे)’ यांचे अर्थ आपल्याला कुणी शिकवले होते का? तसंच इथे. ‘अनटेस्टेड’ म्हणजे बहुतेक वेळा तपासला, चालला नाही. एफएम२ला दोन छोटे एलआर४४ सेल लागतात, कोपऱ्यावरच्या फार्मसीत मिळतात. शेकडो डॉलरची वस्तू विकणारा माणूस चार डॉलरचे सेल घालून बघत नाही, हे पटतं का? ‘माझ्या समजुतीप्रमाणे उत्तम चालतो’ म्हणजे समजूत करून घेतलेली नाही. ‘भिंगावर किंचित बुरशी, फोटोवर परिणाम नाही’ म्हणजे बुरशी आहे. जपानमधले बरेच विक्रेते मथळ्यात ‘मिंट’, ‘टॉप मिंट’, ‘एक्सलंट +५’ असं लिहितात आणि बुरशी, धूसरपणा खाली बारीक अक्षरांत सांगतात. त्यांना लबाड म्हणायचं नाही, सांगतात तर खरं; पण वाचायचं खालून वर. शिवाय परदेशातून आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलवर कर नसे, ती सवलत अमेरिकेनं ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केली. तो हिशेब आधी करावा.

बुरशीवरून आठवलं. देशातून कुणी ‘बाबांची जुनी लेन्स’ आणून विकत असेल तर आधी विचारा, कुठे ठेवली होती? मुंबई-कोकणातल्या चार पावसाळ्यांत चामड्याच्या केसमध्ये, कपाटात बंद राहिलेल्या लेन्सची काय दशा होते ते मी पाहिलंय. चामडं ओल धरून ठेवतं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आत पसरतात आणि भिंगावरचा लेप खातात. मागून बॅटरीचा झोत टाकून काढलेला फोटो मागायचा. लेन्स समोर ठेवून, फुलदाणीशेजारी काढलेल्या फोटोत यातलं काही दिसत नाही.

उलट ‘फॉर पार्ट्स’ असं स्वच्छ लिहिणारा मला प्रामाणिक वाटतो. पिएर ओमिड्यारनं १९९५ साली इबे सुरू केलं, तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. ‘मोडका आहे, कळलं ना?’ असं त्यानं घेणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो! व्यवहार असा असावा.

आता विक्रेत्याच्या गुणपत्रिकेबद्दल, म्हणजे फीडबॅकबद्दल. ‘९९.८ टक्के’ पाहून आपण हुरळून जातो. टक्के पाहू नका, त्यानं आजवर काय विकलंय ते पाहा. मोबाइलची दोन डॉलरची कव्हरं शंभर विकली आणि आज अचानक लायका विकायला काढलाय, तर त्या शंभरांचा आपल्याला काय उपयोग? पाच वर्षं झोपलेलं खातं एकाएकी जागं होऊन वीस महागड्या लेन्स विकू लागलं, तर ते कुणीतरी चोरलेलं खातं असू शकतं. आणि एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. फिल्म कॅमेऱ्याचा शेरा लोक पार्सल उघडल्यावर लगेच देतात, पहिला रोल धुऊन यायच्या आत! म्हणजे तो शेरा पॅकिंगचा असतो, शटरचा नव्हे. म्हणून मी आधी नाराज माणसांचे शेरे वाचतो आणि विक्रेत्यानं त्यांना दिलेली उत्तरंही वाचतो. चुकीची कबुली देणारा वेगळा कळतो, गिऱ्हाइकावर उलटणारा वेगळा कळतो. आपल्या हाती कॅमेरा आला की मात्र शोकेसमध्ये ठेवू नये. इबेवर वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर मिळाल्यापासून तीस दिवसांत तक्रार करावी लागते. ‘नो रिटर्न्स’ लिहिलं असलं तरी हा हक्क राहतो. पहिल्याच आठवड्यात एक रोल संपवून धुवायला द्यावा.

सगळ्यात उपयोगी पडतो तो एक प्रश्न. असा, की ज्याचं उत्तर द्यायला वस्तू हातात घ्यावी लागेल. ‘चांगला आहे ना?’ विचारलं तर जगातला प्रत्येक जण ‘हो’ म्हणेल. एफएम२साठी मी विचारतो : फिल्म पुढे सरकवायचा खटका थोडा बाहेर ओढून बटण हलकं दाबलं, की आत अधिक, गोल आणि उणे या तिन्ही खुणा प्रकाशाप्रमाणे आळीपाळीनं लाल पेटतात का? ज्याच्याकडे कॅमेरा आहे तो पाहून सांगतो. ज्याच्याकडे नाही तो लिहितो, ‘येस सर, परफेक्ट वर्किंग, हाऊ सून यू पे?’ डिजिटल निकॉन असेल तर आज काढलेला, न कापलेला मूळ फोटो ईमेलनं मागवावा. शटर किती वेळा उडालंय तो आकडा त्या फाइलमध्ये असतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो आकडा गळून जातो, त्यामुळे ‘व्हॉट्सॲपवर पाठवू?’ म्हणाला तर नको म्हणायचं. डी७५० चं शटर कंपनीनं दीड लाख वेळा उडवून तपासलेलं होतं. त्यामुळे वीस हजार म्हणजे तरुण आणि एक लाख चाळीस हजार म्हणजे आपल्या वयाचं.

माझा दुसरा एफएम२ पेन्सिल्व्हेनियातल्या एका निवृत्त शिक्षकाकडून आला. त्याची जाहिरात वाचून सौ. म्हणाली होती, हा माणूस विकतोय की तक्रार करतोय? सेल्फ-टायमर अडकतो, खाली एक पोचा आहे, मागच्या झाकणाच्या कडेचा फोम भुसभुशीत झालाय, बदलून घ्या. सगळ्याचे फोटो. मी प्रश्न विचारला तर त्यानं डोळा लावायच्या भिंगातून दिसणाऱ्या लाल दिव्याचाच फोटो पाठवला, थोडा हललेला. किंमत घासाघीस न करता दिली, रीतसर ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’नं. लेकीच्या हातात ठेवला तेव्हा तिनं उलटसुलट करून विचारलं, “हा तोच का?” त्या कॅमेऱ्याबद्दल इतकं खरं लिहून आलं होतं, की मला थाप मारवेना. सांगितलं. ती काही बोलली नाही. पट्टा गळ्यात घातला आणि माझाच फोटो काढला.

तर वहिनी. मी त्यांना एवढंच म्हटलं, “त्या सज्जनाला विचारा, लेन्स एका कागदावर उभी करून, कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून फोटो पाठवतो का. लेन्स त्याच्याकडे असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. आणि गाव जवळच सांगतोय, तर पोलीस स्टेशनच्या पार्किंगमध्ये भेटतो का तेही विचारा. इकडे बऱ्याच ठिकाणी अशा देवघेवीसाठी जागाच आखून ठेवलेली असते.” अर्ध्या तासानं फोन आला. आधी म्हणे आजीला हॉस्पिटलात नेलंय, मग म्हणे तुमचा विश्वास नसेल तर दुसऱ्याला देतो. ‘गॉड ब्लेस’ नव्हतं. वहिनींचा आवाज पडला होता. चारशे डॉलर वाचले याचं काही नव्हतं त्यांना. त्या लेन्सचं खोकं गॅरेजात कुठे लपवायचं तेसुद्धा ठरलेलं होतं.

मग आम्ही दोघांनी मिळून दुकानं पाहिली. जॉर्जियातलं केईएच, मूळचं ब्रायटनचं एमपीबी, आपलं न्यूयॉर्कचं बी अँड एच. यांच्याकडे महाग पडतं, पण वस्तू तपासून दर्जा लावलेला असतो, परत करता येते आणि क्रेडिट कार्ड चालतं. दर्जाच्या पायऱ्या प्रत्येकाच्या निराळ्या, त्या मात्र वाचाव्यात. वहिनींनी एक पायरी खालची लेन्स निवडली, रंग थोडा खरवडलेला, काच स्वच्छ. फरक भरून काढायला माझ्याकडून कबूल करून घेतलं, की वाढदिवसाच्या जेवणाचे फोटो मी फुकट काढायचे.

यजमान हे सदर न चुकता वाचतात. म्हणून संपादकांना विचारून खात्री करून घेतली आहे, अंक पोस्टात पडेपर्यंत पंचाहत्तरी होऊन गेलेली असेल. नसेल, तर साहेब, हे पान वाचलंच नाही असं समजा आणि त्या दिवशी चेहरा आश्चर्याचा करा.