सुकाणू ढिले झाले म्हणजे

घरातील लहानमोठ्या यंत्रांच्या दुखण्यांविषयी या सदरातून आम्ही लिहीत असतो. या खेपेचे यंत्र मात्र आपल्या अंगणातील नाही, सातासमुद्रांपलीकडच्या अंगणातील आहे. तरीही ते अगदीच परके म्हणता येणार नाही. बडोदे, इंदूर, बेळगाव, हैदराबाद येथील ज्या मराठी घरांतून कुणी मुलगा, पुतणी वा भाचा अमेरिकेत स्थायिक झाला आहे, अशी घरे आता थोडी नाहीत. शहराबाहेर एक-दोन एकरांचे आवार घेतले की तेथे गवत कापावे लागते, हिवाळ्यात बर्फ लोटावे लागते. आणि त्यासाठी पुष्कळजण जुना ‘गार्डन ट्रॅक्टर’ स्वस्तात विकत घेतात. मग सहा महिन्यांसाठी मुलाकडे राहावयास गेलेले, उभा जन्म कारखान्यात घालविलेले आपले एखादे अण्णा वा नाना त्या यंत्राभोवती घुटमळू लागतात. त्यांच्यासाठी, आणि ज्यांना जुनी वस्तू टाकवत नाही अशा सर्वांसाठी हे टिपण आहे.

या ट्रॅक्टरांचा जन्मकाळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे १९४६ साली एल्मर पाँड यांनी असे छोटे ट्रॅक्टर बांधण्यास प्रारंभ केला. त्यातून पुढे ‘व्हील हॉर्स’ हे नाव प्रसिद्ध झाले. १९६० साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ‘कब कॅडेट’ आणला, आणि १९६३ साली जॉन डिअरचा ‘११०’ बाजारात आला. बिडाचे इंजिन आणि जाड पोलादाची चौकट अशी त्यांची बांधणी भरभक्कम असे. साठ वर्षांनंतर आजही त्यांतील कित्येक चालू आहेत. इंजिनाची काळजी मालक घेतो, कारण इंजिन बंद पडले की काम अडते. सुकाणूचे, म्हणजे स्टिअरिंगचे तसे नाही. ते बंद पडत नाही, केवळ ढिले होत जाते. आणि चालविणाऱ्याच्या हातांना त्या ढिलेपणाची सवय होत जाते. धोका नेमका या सवयीत आहे.

प्रथम रचना समजून घेऊ. आपल्याकडच्या दरबारी चारचाकी बग्गीत पुढचा सबंध आस मधल्या खुंटीभोवती फिरे. बवेरियाच्या दरबारासाठी गाड्या बांधणाऱ्या गेओर्ग लांकेन्सपेर्गर यांनी १८१६ साली निराळी युक्ती काढली : आस स्थिर ठेवावा, आणि दोन्ही टोकांची चाके आपापल्या खुंट्यांवर वळावीत. १८१८ साली रुडॉल्फ अकरमन यांनी तिचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले, आणि युक्तीला नाव अकरमनचेच चिकटले. वळणाच्या आतल्या बाजूचे चाक बाहेरच्यापेक्षा थोडे अधिक वळावे, म्हणजे टायर घासत नाहीत, हे तिचे मर्म आहे. मोटारींत व या बागेतल्या ट्रॅक्टरांत हीच रचना आढळते.

हातातील चक्रापासून जमिनीवरील चाकापर्यंत ही एक साखळी आहे. चक्राचा दांडा, त्याच्या तळाशी दंतचक्र वा सुकाणूची पेटी, तेथून निघणारे जोडदांडे, त्यांच्या टोकांचे गोळीसांधे, चाकाची उभी खुंटी, ती जीत फिरते ती बुश, आणि शेवटी चाकाची बेअरिंग. प्रत्येक ठिकाणी धातूवर धातू घासतो. समजा, पाच सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर झीज झाली. एकेका ठिकाणी ती नजरेस पडावयाची नाही. पण बेरीज अडीच मिलिमीटरांची होते, आणि दंतचक्रांतून वर येताना ती वाढत जाऊन चक्राच्या कडेवर तीन-चार बोटे होते. तेवढे चक्र फिरविले तरी चाक हलतच नाही. सपाट हिरवळीवर याचे काही वाटत नाही. परंतु दोन-अडीचशे किलो वजनाचे यंत्र उतारावर आहे, खाली गवत कापणारी पाती फिरत आहेत, आणि झिजलेला सांधा निखळून एक चाक भलतीकडे वळले, असे झाले तर? अंगणात नातवंडे खेळत असतात, हे विसरून चालणार नाही.

दुखणे शोधण्यास दोन माणसे लागतात. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, इंजिन बंद करून स्पार्क प्लगची तार काढून ठेवावी. एकाने बसून चक्र हळूहळू डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवीत जावे. एक भाग हलला आणि त्याला जोडलेला दुसरा क्षणभर मागे राहिला, तर तो फरक डोळ्यांआधी बोटाला कळतो. नातवाने चक्र हलवावे आणि आजोबांनी बोट ठेवावे, यासारखी सोयीची जोडी नाही. नंतर पुढची बाजू जॅकने उचलून, खाली पक्के स्टँड लावून (विटांचा भरवसा धरू नये), चाके वरखाली व आतबाहेर हलवून पाहावीत. जे आढळेल ते कागदावर लिहून काढावे.

दुरुस्ती जमिनीकडून वर करीत जावी, असे आमचे सांगणे आहे. पुष्कळजण आधी वरच्या दंतचक्राकडे धाव घेतात. परंतु खालचे सांधे ढिले असताना वरचा भाग कितीही घट्ट केला तरी फळ मिळत नाही. उभी खुंटी ज्या भोकात फिरते ते भोक बहुधा लांबट झालेले असते. ते रीमरने गोल करून लेथवर कातलेली काशाची बुश बसवावी. खुंटीच झिजली असेल तर ती बदलावी. ग्रीस भरण्याचे निपल नसल्यास बसवून घ्यावे. ज्या सांध्याला ग्रीस मिळत नव्हते तोच सर्वांत झिजला, असे पुष्कळदा दिसते. पुढचा आस ज्या मधल्या पिनीवर डुलतो तीही याच वेळी पाहून घ्यावी.

त्यानंतर जोडदांडे. त्यांच्या टोकांचे गोळीसांधे दुरुस्त होत नाहीत, बदलावेच लागतात. त्यांच्या जागी आता पुष्कळजण डोळ्याच्या आकाराचे, आत पोलादी गोळी असलेले ‘हाइम जॉइंट’ बसवितात. ते मजबूत असतात, आणि एका टोकाला उजवे व दुसऱ्याला डावे आटे घेतले तर दांडा न काढता त्याची लांबी कमीजास्त करता येते. मात्र त्यांच्या बाहेरच्या अंगाला गोळीहून मोठी चकती अवश्य घालावी. उद्या गोळी झिजून कवचातून निसटली तरी त्या चकतीमुळे दांडा गळून पडत नाही. सांधे बसले की चाकांचा मेळ पाहावा. आसाच्या उंचीवर मोजले असता दोन्ही चाकांमधील अंतर मागच्यापेक्षा पुढे सुमारे ३ मिलिमीटर कमी असावे.

मग दंतचक्राकडे वळावे. व्हील हॉर्समध्ये दांड्याच्या टोकाचे लहान दंतचक्र पंख्याच्या आकाराच्या मोठ्या दंतचक्राला फिरविते. ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळ चालत असल्याने मधलेच दाते झिजतात, कडेचे जसेच्या तसे राहतात. म्हणून मधली ढिलाई पुरती जाईपर्यंत दोन्ही चक्रे जवळ आणली, तर वळणावर कडेचे दाते आवळतात. यावर एक साधा तोड आहे. दांडा वर घेऊन, लहान चक्र अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसविले की सरळ चालताना न झिजलेले दाते कामाला येतात. चक्राच्या आऱ्या उलट्या दिसतील तेवढ्या नीट कराव्यात. कब कॅडेटमध्ये निराळी रचना आहे. तेथे मळसूत्री खाचेत फिरणारी खुंटी तरफेला ढकलते. डेव्हिड रॉस यांच्या लाफायेट येथील कारखान्यावरून तिला ‘रॉस’ पेटी म्हणतात. तिचा स्क्रू आवळण्याआधी घट्ट झालेले जुने ग्रीस काढून नवे भरावे, आणि आवळल्यावर चक्र दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कोठे अडत नाही ना, हे पाहावे.

इतके झाल्यावरच सुधारणेचा विचार करावा. उभ्या खुंटीवर यंत्राचा भार साध्या चकतीवर पडत असेल, तर तेथे गोळ्यांची थ्रस्ट बेअरिंग बसवावी. एवढ्याशा बदलाने चक्र आश्चर्य वाटावे इतके हलके होते. चाकांत साध्या बुशऐवजी बॉल बेअरिंग घालणे हीदेखील चांगली सुधारणा आहे. तेलाच्या दाबाने चालणारे ‘पॉवर स्टिअरिंग’ काही ट्रॅक्टरांत कारखान्यातूनच येई. जॉन डिअरच्या १९७५ च्या ‘४००’ मध्ये ते होते. जुन्या ट्रॅक्टरला ते मागाहूनही बसविता येते. परंतु झिजलेल्या सांध्यांवर ते बसविणे आम्हांस मुळीच पसंत नाही. जड वा ढिले चक्र ही यंत्राची तक्रार असते. तेलाचा दाब ती तक्रार हातापर्यंत पोहोचू देत नाही आणि अशक्त सांध्यावर पूर्वीपेक्षा अधिक जोर टाकतो. दुखणे तसेच राहते, ते कळण्याचा मार्ग मात्र बंद होतो.

दोन गोष्टींची ताकीद. सुकाणूच्या कोणत्याही भागाला घरच्याघरी वेल्डिंग करू नये, वा तो तापवून सरळ करू नये; बिडाचा भाग तर वरून जुळलेला दिसतो आणि आतून तडकलेला राहतो. तसेच कोपऱ्यावरच्या दुकानातील कोणताही बोल्ट चालवून घेऊ नये. अमेरिकन बोल्टाच्या डोक्यावर तीन रेघा असतील तर तो ग्रेड ५ चा, सहा असतील तर ग्रेड ८ चा. रेघा नसलेला साधा बोल्ट येथे उपयोगाचा नाही. स्प्लिट पिन काढली की पुन्हा तीच वापरू नये, नवी घालावी.

या ट्रॅक्टरांचे मालक बदलत गेले. व्हील हॉर्स १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८६ मध्ये टोरोकडे गेली. कब कॅडेट १९८१ मध्ये एमटीडीकडे गेली. यंत्रे टिकली ती त्यांच्या साध्या घडणीमुळे. बुश, पिन, चकती या गोष्टी कोणताही बरा कारागीर लेथवर करून देऊ शकतो. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी पाती न लावता, सपाट जागी, अगदी सावकाश मारावी. तासाभराने सर्व नट पुन्हा पाहावेत, आणि दर हंगामाच्या आरंभी तीच बोट ठेवण्याची तपासणी करावी. परदेशी जाणाऱ्या अण्णा-नानांनी एवढे काम नातवाला सोबत घेऊन केले, तर पुढच्या वर्षी ते तेथे नसतानाही एक बोट त्या सांध्यांवर फिरत राहील.