गुन्ह्याचा बाजार आणि चिमूरची आठवण

मोटार चोरावी, रस्त्यात आडवा येईल त्याला चिरडावे, दुकान लुटावे, पोलिसांना चकवावे आणि या कर्तबगारीबद्दल पैसा व मानमरातब मिळवावा, असा संगणकावरील गुन्हेगारी खेळांचा सर्वसाधारण मासला आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. मोटारचोरीच्या गुन्ह्याला अमेरिकी पोलिसांच्या भाषेत जे म्हणतात तेच या खेळाने आपले नाव म्हणून घेतले. २००२ साली निघालेला त्याचा ‘व्हाईस सिटी’ हा भाग आपल्याकडे नकली सी.डी.वरून सायबर कॅफेत शिरला आणि शहरी मुलांची एक अख्खी पिढी त्यावर वाढली. आता कॅफेची गरज उरलेली नाही. याच धर्तीचा ‘इंडियन बाईक्स ड्रायव्हिंग थ्री-डी’ हा देशी खेळ स्वस्तातल्या मोबाईलवरही चालतो. त्यामुळे जे लोण पूर्वी पुण्या-मुंबईपुरते होते ते चिमूर-ब्रह्मपुरीच्या पानटपरीपर्यंत येऊन पोचले आहे.

या लोणाविषयी समाजात दोन तट पडले आहेत. एका बाजूला पालक, शिक्षक, कीर्तनकार आणि निवडणुकीच्या तोंडावरचे पुढारी. मुले बिघडली, खेळांवर बंदी घाला, ही त्यांची हाक. दुसऱ्या बाजूला या खेळांचे व्यापारी आणि त्यांचे चाहते. हा तर नुसता खेळ आहे, खेळाने कोणी खुनी होत नाही, हे त्यांचे उत्तर. डाव्या चळवळीतला कार्यकर्ता या भांडणात बहुधा पहिल्या तटाला जाऊन मिळतो, कारण परदेशी भांडवलाला विरोध केल्याचे समाधान त्याला तेथे फुकटात मिळते. ही त्याची चूक आहे, आणि ती चिमूरच्या भूमीवर व्हावी हे अधिकच लाजिरवाणे आहे.

प्रथम पहिल्या तटाचे पाहू. खेळामुळे मुले गुन्हेगार होतात ही ओरड खेळांइतकीच जुनी आहे. १९७६ साली अमेरिकेत ‘डेथ रेस’ नावाचे यंत्र निघाले, त्यात पडद्यावरच्या काटकुळ्या आकृत्या गाडीखाली चिरडायच्या होत्या, तेव्हाही हाच गदारोळ झाला होता. त्यानंतर पुष्कळ संशोधन झाले. हिंसक खेळांनी काही प्रमाणात आक्रमकता वाढते असे म्हणणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्र संघटनेनेही २०२० मध्ये ठराव करून बजावले की, प्रत्यक्षातल्या हिंसाचाराचे खापर या खेळांवर फोडण्यास पुरेसा शास्त्रीय आधार नाही. अल्पवयीनांना असे खेळ विकण्यावर कॅलिफोर्नियाने घातलेले निर्बंध तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केले, तेही असाच पुरावा अपुरा ठरल्यानंतर. जो दावा सिद्ध होत नाही त्यावर चळवळ उभी करणे हे समाजवाद्याचे काम नव्हे.

बंदीचा अनुभव तर चंद्रपूर जिल्ह्याइतका कोणालाच नाही. दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारांचे गाऱ्हाणे घेऊन २०१० च्या डिसेंबरात बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी चालत गेल्या. ती मागणी खरी होती, तिच्यामागचे दुःख खरे होते. सरकारने २०१५ मध्ये दारूबंदी दिली, म्हणजे कागद दिला. २०२१ मध्ये तोच कागद फाडताना सरकार म्हणाले की बेकायदा दारू वाढली आणि तिच्या धंद्यात स्त्रिया व मुले ओढली गेली. बंदी राबवण्याची जबाबदारी ज्याची, त्यानेच बंदीच्या अपयशाचा दाखला द्यावा, असा हा न्याय. खेळांच्या बाबतीतही वेगळे घडले नाही. ‘पबजी’ २०२० च्या सप्टेंबरात देशाच्या सुरक्षेसाठी बंद झाला, २०२१ मध्ये नाव बदलून परतला, २०२२ मध्ये पुन्हा गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला खरा. पण त्याच्या जेमतेम महिनाभर आधी महाराष्ट्राच्या कृषिमंत्र्यांची सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गाजत होती. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करीत होतो, असे मंत्र्यांचे म्हणणे. सरकारने त्यांचे शेती खाते काढून घेतले आणि क्रीडा खाते दिले! विनोदबुद्धीचा असा पुरावा या सरकारने क्वचितच दिला असेल.

आता दुसरा तट. ‘नुसता खेळ’ म्हणणाऱ्यांनी त्याचा हिशेब पाहावा. या मालिकेचा पहिला खेळ १९९७ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी शहरात तयार झाला. हे तेच डंडी, जिथल्या गिरण्या बंगालच्या तागावर चालत आणि गबर होत. ताग गेला, गिरण्या गेल्या, आणि त्याच गावातून जगाला नवा माल जाऊ लागला. २०१३ साली निघालेल्या पाचव्या खेळाने अवघ्या ३ दिवसांत १ अब्ज डॉलरची विक्री केली आणि आजवर त्याच्या २० कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. तेवढ्यावर भागले नाही. ऑनलाईन खेळणाऱ्याला खेळातले खोटे पैसे कंपनी खऱ्या पैशांना विकते. या दोहोंत नफा कोणता खरा, हे सांगायला नकोच.

हा माल जे हातांनी घडवतात त्यांची कथा मात्र जाहिरातीत येत नाही. त्यांपैकी काही हात बंगळुरूतही आहेत, कारण कंपनीचे कार्यालय तेथेही आहे. २०२५ च्या ऑक्टोबराअखेरीस कंपनीने ब्रिटन आणि कॅनडातल्या तीसहून अधिक कर्मचाऱ्यांना एका झटक्यात काढून टाकले. गोपनीय माहिती फोडली, असे कंपनी म्हणते. कामगार संघटना बांधली म्हणून काढले, असे ब्रिटनमधली त्यांची युनियन म्हणते. न्याय व्हायचा तेव्हा होईल. परंतु पडद्यावर कायदा झुगारणाऱ्या बंडखोराचे गोडवे गाणाऱ्या कारखान्यात युनियनचे नाव काढताच नोकरी जावी, ही शंका कामगारांना खरी वाटते एवढे त्या कारखान्याच्या स्वभावाविषयी पुरेसे बोलके आहे.

परंतु खरी हरकत याहून खोल आहे. या खेळांतला कायदा कसा आहे ते पाहावे. गुन्हा केला की पडद्याच्या कोपऱ्यात चांदण्या उगवतात. जितक्या चांदण्या, तितके पोलीस मागे. चोरीची गाडी रंगवण्याच्या दुकानात घातली, थोडे पैसे मोजले, की चांदण्या मावळतात. ‘व्हाईस सिटी’त तर रस्त्यात लाच ठेवलेली असते. ती उचलली की एक चांदणी कमी. पकडले गेलात तर शस्त्रे जातात, काही पैसे जातात आणि पुढच्या क्षणी खेळाडू ठाण्याबाहेर मोकळा उभा. साक्षीदार नाही, वकील नाही, तारीख नाही, तुरुंग नाही. मेलेल्याची आई नाही. रस्त्यावरचा माणूस हा चाकाखाली येण्यापुरताच जन्मलेला, त्याला नावही नसते. कायदा म्हणजे एक शुल्क, ते भरण्याची ऐपत असली की झाले. हे चित्र पाहून मुलगा खून करणार नाही. कायदा असाच असतो, पैसेवाल्याने चुकवायचा आणि बाकीच्यांनी चिरडले जायचे, यात बदल करण्याजोगे काही नाही, एवढे मात्र तो हसतखेळत शिकेल. मालकवर्गाला याहून सोयीचे नागरिकशास्त्र कोणते?

यावर कर्ते म्हणतात, हे तर अमेरिकी भांडवलशाहीचे विडंबन आहे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पाचव्या खेळात एका कंपनीच्या प्रमुखाचा खून करून प्रतिस्पर्धी कंपनीच्या शेअरवर पैसा कमावता येतो, आणि एका प्रसंगात सरकारी खात्याच्या हुकुमावरून खेळाडूलाच एका माणसाचा छळ करावा लागतो. उपहास तिखट आहे. पण त्या उपहासाच्या जगात संप नाही, मोर्चा नाही, चार माणसांनी एकत्र येऊन काही नाकारणे नाही. आहे तो एकटा शूर आणि त्याची लूट. भांडवलशाहीला हसू द्यायला भांडवलशाहीची कधीच हरकत नव्हती, तिकीट तिच्या खिडकीवर काढले म्हणजे झाले.

आणि आता चिमूर. १६ ऑगस्ट १९४२ हा दिवस नागपंचमीचा होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी भारलेल्या या गावात मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला. मग जमाव उसळला. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनावणे यांच्यासह चार सरकारी माणसे मारली गेली. इंग्रज सरकारच्या दफ्तरी ही खून, जाळपोळ आणि दंगल होती. स्वतंत्र भारताच्या दफ्तरी ती क्रांती आहे. दोन्ही दफ्तरांत मेलेले तेच आहेत, आणि ज्यांना ठार मारले तेही याच देशाचे होते, हे विसरून चिमूरचा गौरव करणारे भाषण खोटे ठरते. पण खेळात जे नसते ते सगळे येथे होते. फौज आली. घरे लुटली गेली, पुरुष डांबले गेले, बायकांवर अत्याचार झाले. त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. उपोषणाची बातमी छापायला सरकारने बंदी केली, तेव्हा देशातल्या वृत्तपत्रांनी निषेध म्हणून एक दिवस अंकच काढले नाहीत. खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी रान उठवले, आणि १९४५ साली त्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. म्हणजे ‘गुन्हेगार’ हा शब्द तीन वर्षे एका गावाच्या कपाळावर कोरलेला होता, आणि तो पुसण्यासाठी कोणी लाच उचलली नाही, कोणी गाडी रंगवली नाही. एक माणूस उपाशी राहिला, पुष्कळांनी तुरुंग भोगला, बायकांनी साक्ष देण्याचे धैर्य केले.

हा शब्द या जंगलात असाच वाटला गेला आहे. १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या, त्या १९५२ मध्ये कागदावर सुटल्या, पोलिसांच्या नजरेतून अजून सुटलेल्या नाहीत. १९२७ च्या वन कायद्याने ज्याचे जंगल त्यालाच बांबू तोडल्याबद्दल चोर केले. कागद कारखान्याला तोच बांबू करारावर मिळत होता आणि तो कोणी चोरी म्हटली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याला आपल्या उद्देशिकेतच हा ऐतिहासिक अन्याय होता असे कबूल करावे लागले. त्या कायद्याच्या बळावर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हक्क मागितला, तरी वनखाते वाहतूक परवाना हातात देईना. अखेर २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्र्याला गावात येऊन तो परवाना ग्रामसभेच्या स्वाधीन करावा लागला. काल जे तोडणे गुन्हा होते ते आज गावाचे उत्पन्न झाले, बांबू तोच होता. आणि २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने प्रा. साईबाबा आणि इतर पाच जणांना दोषी ठरवले. २०२४ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते सर्व निर्दोष असल्याचा निकाल दिला. त्यांतला एक आदिवासी तरुण २०२२ मध्येच नागपूरच्या कैदेत असताना मरण पावला होता. साईबाबा सुटले आणि सात महिन्यांत गेले. देशाच्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कैदी अजून गुन्हा सिद्ध न झालेले असतात, ते ठाण्याच्या दारात पुढच्या क्षणी उभे राहत नाहीत.

खेळ खेळणाऱ्या पोराला हे कोणी सांगत नाही. बंदीवाला त्याला संभाव्य गुन्हेगार समजतो, व्यापारी त्याला गिऱ्हाईक समजतो. कार्यकर्त्याने त्याच्या हातातून मोबाईल हिसकावू नये. त्याच्या शेजारी बसून, या गाडीच्या मालकाला पुढे काय झाले असेल, हा पोलीस चांदणी का विकतो, हे शहर कोणाच्या मालकीचे आहे, असे प्रश्न त्याला विचारावेत. पोरे हुशार असतात, उत्तरे देतात. दर १६ ऑगस्टला चिमूरच्या शहिदांना अभिवादन करायला मंत्री येतात, फुले वाहतात आणि चिमूर जिल्ह्याचे आश्वासन पुन्हा देऊन मोटारीत बसतात. गडचिरोली-चिमूर या नावाचा लोकसभा मतदारसंघ मात्र २००८ पासून आहेच, कारण मतांपुरते गावाचे नाव उपयोगी पडते. पुढच्या १६ ऑगस्टला पक्षाच्या शाखांनी व्यासपीठ त्यांच्याकडेच राहू द्यावे. त्याऐवजी शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना घेऊन चिमूर खटल्याची हकिकत वाचावी, सरकारी बाजू आणि बचावाची बाजू दोन्ही, आणि भन्साळींच्या ६३ दिवसांत रोज काय घडत होते ते तारीखवार लावावे. मेंढ्याचे कोणी आले तर परवान्याची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकावी. यासाठी सभागृह लागत नाही, शाळेचा एक वर्ग आणि एक रविवार पुरतो.